उघड्या कानांची रीत

४ जून

प्रिय मामा,

आधी भांडण, मग काम. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा वाजून वाजून बंद पडला. आई म्हणते, निवृत्त झाल्यापासून माझा भाऊ पुरता घुम्या झालाय. मागे आमच्याकडे आलास तेव्हाही कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलास आणि कोणी काही विचारलं की नुसतं हसलास. मामी गेल्यापासून तुझं कशात मन लागत नाही, हे कळतं आम्हाला. पण भाचीचा फोन उचलायला काय होतं? ते असो. तुला पत्रच हवं तर पत्र. कामावर होतास तेव्हा 'तुम्ही' म्हणत होते, आता साहेब नाहीस, नुसता मामा आहेस, म्हणून 'तू'.

काम असं की मला हेल्मेट घ्यायचंय. अख्खं तोंड झाकणारं. हसू नकोस. तू गेल्यावर खात्याने आपल्या दोघांच्या जागी मला एकटीलाच ठेवलं. पाच गावांच्या जलवाहिन्या, रोज साठ-सत्तर किलोमीटर मोटरसायकल, आणि मोठा रस्ता झाल्यापासून ट्रक नुसते अंगावर येतात. गेल्या महिन्यात एकाच्या चाकाखालून खडा उडाला तो हनुवटीवर बसला. तीन टाके पडले. तेव्हापासून आई रोज सकाळी मी निघताना दारात उभी राहते आणि नुसती माझ्या हनुवटीकडे बघते. बोलली असती तर परवडलं असतं.

दुकानात जाऊन आले. दुकानदाराने विचारलं, काम काय करता? म्हटलं, सकाळी लवकर, रहदारी सुरू व्हायच्या आत, लोखंडी कांडी रस्त्याला टेकवायची, तिच्या वरच्या टोकाची लाकडी वाटी कानाला लावायची आणि खाली नळ गळत असेल तर पाण्याची सुरसुर ऐकायची. तो म्हणाला, "म्हणजे रस्त्याच्या डॉक्टरीणबाई." मग त्याने चाळीस हेल्मेटं दाखवली आणि माझं डोकं चालेनासं झालं. एक म्हणे हलकं, एक म्हणे मजबूत, एकाच्या टाळूवर गाईची शिंगं.

मला हवंय ते असं: आपटले तर डोकं वाचावं, दिवसभर घालून कपाळ दुखू नये, आणि आत वारा कमी वाजावा. हे शेवटचं महत्त्वाचं. हल्ली गाडीवरून उतरून कांडी कानाला लावली तरी थोडा वेळ वाराच ऐकू येत राहतो. तू तीस वर्षं गाडी चालवलीस. तुझं काय मत?

तुझी,
टिटवी

११ जून

टिटवे,

तुझं पत्र वाचून एकटाच हसलो. शेजारचा घड्याळजी खिडकीतून डोकावून गेला, म्हातारा ठीक आहे ना बघायला.

अख्खं तोंड झाकणारं हेल्मेट, आणि आपल्या खात्यात? जुन्या लोकांनी तुला वाळीत टाकलं असतं. आमचे वस्ताद म्हणायचे, झाकला कान, झोपला कान. ऐकणाऱ्याने कानावर टोपी ओढायची नाही, कानात कापूस घालायचा नाही, कान धुतल्यावर बोटसुद्धा फिरवायचं नाही. मी तीस वर्षं अर्धी टोपी घातली, टाळूपुरतं हेल्मेट. कान दोन्ही बाजूंनी उघडे, वाऱ्याला मोकळे. तुलाही पहिल्या दिवशी तीच दिली, आठवतं? तू म्हणालीस, कढई घातल्यासारखं वाटतंय. खातं आपल्याला कानवाले म्हणतं आणि कानवाल्यांची ही रीत आहे. तेव्हा हनुवटीला जाड रुमाल बांध, ट्रकच्या मागे राहू नकोस आणि आईला सांग की भाऊ म्हणतो काळजी करू नको.

फोनचं म्हणशील तर मला तो आवाज मानवत नाही. पत्रात माणूस विचार करून बोलतो. तूही पत्रात बरी बोलतेस, समोर असलीस की शेताच्या बांधावर ओरडल्यासारखी बोलतेस, म्हणून तर टिटवी.

टाके सुकले का? आणि एक. थोडा वेळ वारा ऐकू येत राहतो, असं लिहिलंस. थोडा वेळ म्हणजे किती? हे नीट लिही.

मामा

१९ जून

मामा,

तुझं ऐकलं नाही. हेल्मेट घेतलं. आणि फसले. म्हणजे तुझंही खरं नाही आणि माझंही.

मी अगदी कानवाल्यासारखं निवडलं. दुकानात पंखा घरघरत होता. एकेक हेल्मेट घालायचं, डोळे मिटायचे आणि पंखा किती ऐकू येतो ते बघायचं. दुकानदार म्हणाला, "बाई, अहो आरशात बघा, सगळे आरशात बघतात." एका हेल्मेटात पंखा पार नाहीसा झाला. आतून गुबगुबीत, कुठे दाबत नाही, गादीत डोकं ठेवावं तसं. वाटलं, सापडलं. मोठ्या रस्त्याला लागले आणि साठच्या पुढे गेल्यावर आत असा गोंगाट सुरू झाला की अर्धी टोपी बरी होती. खालून वारा शिरतो आणि हेल्मेट वर उचलतं, पट्टा गळ्याला काचतो. मान वळवली की ते मागे राहतं आणि मी पुढे जाते.

आता तुझा प्रश्न. थोडा वेळ म्हणजे, पूर्वी पहिला चहा होईपर्यंत. या वर्षी दुपारपर्यंत. म्हणजे सकाळचे पाच-सहा रस्ते मी ऐकते, पण काय ऐकते ते माझं मलाच सांगता येत नाही. मग दुपारी तेच रस्ते पुन्हा करते, तेव्हा रहदारी असते. शिवाय डाव्या कानात एक बारीक शिटी आहे. ती बंदच होत नाही. आईला सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.

पुढच्या महिन्याच्या २४ तारखेला कानांची वार्षिक तपासणी आहे. तुला माहीतच आहे, नापास झालं की कांडी काढून घेतात आणि टपालाच्या टेबलावर बसवतात. मला दुसरं काही येत नाही मामा, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नाही. गळती सापडली की रस्त्यावर खडूने फुली मारते, तेव्हा मला मी कोणीतरी आहे असं वाटतं. ते गेलं तर काय उरलं?

रागावू नकोस. काहीतरी सुचव.

टिटवी

२३ जून

बाळ,

तुझं पत्र काल आलं. रीत वगैरे जे लिहिलं होतं ते विसर. अर्धी टोपी आज काढून टाक. कोणाला देऊही नकोस, कापून टाक.

काल दुपारी इथल्या हेल्मेटच्या दुकानात गेलो. मालकीण धिप्पाड बाई आहे, पूर्वी शर्यतीत गाड्या चालवायची. मला हल्ली विसरायला होतं, म्हणून तिला म्हटलं, जे सांगाल ते कागदावर लिहून द्या. तिने बिलांच्या पाठीवर सात कागद लिहून दिले, ते सोबत जोडलेत. एक जुनं हेल्मेट मधोमध करवतीने कापून दाखवलं. बाहेर कडक कवच, आत थर्माकोलसारखा जाड थर. आपटलं की तो थर चेपतो आणि डोक्याचा मार स्वतःवर घेतो. एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून कोणी वापरलेलं घ्यायचं नाही, आणि आपलं एकदा जोरात आपटलं की बाहेरून कितीही चकचकीत दिसो, टाकून द्यायचं. आत तपासणीचा शिक्का असतो, तो बघितल्याशिवाय हात लावू नकोस.

आता तुझी चूक. तू ते कांडीसारखं तपासलंस. दुकानात उभं राहून आवाज कळत नाही. पंखा ऐकू न येणं वेगळं आणि अंगावर येणारा वारा वेगळा. वारा वाजतो तो फटीत. मानेपाशी फट, गालापाशी फट, काच आणि कवच यांच्यात फट. तुझं मोठं झालंय म्हणून फटी आहेत. गुबगुबीत लागलं ते त्यामुळेच. बाई म्हणते, बहुतेक सगळे मोठंच घेतात, कारण दुकानात मऊ लागतं.

भुवयांच्या वरून डोक्याभोवती टेप धर, माप लिहून ने. घालताना जरा झटावं लागलं पाहिजे. गाल दाबले जाऊन तोंड फुगल्यासारखं दिसेल, चावलंस तर गालाचं कातडं दाताखाली येईल, हे बरोबर. गालाच्या गाद्या महिन्याभरात बसतात. हेल्मेट हाताने हलवलं की कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकलून बघ, डोक्यावरून पुढे निघून आलं तर ते नको. मग तसंच घालून दुकानात अर्धा तास बस. दुकानदार काय म्हणतो त्याकडे लक्ष देऊ नकोस. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर त्या हेल्मेटाचा आकार तुझ्या डोक्याचा नाही. तुझं डोकं लांबट आहे, आमच्या ताईसारखं, गोल आकारात ते दुखणारच. आवाज कमी हवा तर टाळूवर शिंगं, पंख, झडपा कमीत कमी असाव्यात, काच लावली की गच्च बसावी आणि मानेशी कापडाची झालर असावी. तुझ्या गाडीला पुढे ती उभी काच आहे ना? ती नेमका तुझ्या कपाळावर वारा फेकते. ती खाली करून बघ किंवा काढ.

आणि हे सगळं करूनही वारा उरतोच. म्हणून कानात बोळे घालायचे. मऊ, पिळून आत बसवायचे, औषधाच्या दुकानात मिळतात. ते घालूनसुद्धा मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येतो, फक्त वारा जातो. गाडी सुरू करायच्या आधी बोळे, उतरल्यावर काढायचे. एक दिवसही चुकवायचं नाही.

मामा

५ जुलै

मामा,

तुझे सात कागद पाठ झाले. जुनं हेल्मेट परत घ्यायला दुकानदार नाराज होता. म्हटलं, फक्त एकच दिवस घातलंय आणि कुठे आपटलेलं नाही. शेवटी घेतलं. मग अर्धा तास हेल्मेट घालून दुकानात बसले. गिऱ्हाइकं येऊन बघून जात होती. पहिलं कपाळाला टोचलं, दुसरंही. तिसरं लांबट आकाराचं, माझ्या मापाचं, साधं राखाडी, शिंग नाही की पंख नाही. गाल असे दाबले गेले की मी तोंडात लाडू धरल्यासारखी दिसत होते. पण अर्ध्या तासाने ते डोक्यावर आहे हे विसरले. तेच घेतलं. गाडीची काच चार बोटं खाली केली. आवाज निम्मा झाला, खरंच निम्मा. आईने टकटक वाजवून बघितलं आणि पहिल्यांदा दारात उभं न राहता आत गेली.

बोळे मात्र घालणार नाही. ते तू सांगतोयस यावर माझा विश्वासच बसत नाही. झाकला कान, झोपला कान, हे मला कोणी शिकवलं? मी पहिल्या थंडीत कानाला मफलर बांधला होता तर तू भर रस्त्यात सोडायला लावलास. तीस वर्षं उघड्या कानाने फिरलास आणि निवृत्तीच्या वर्षापर्यंत तपासणीत पास झालास. मग मी का घाबरू? माझाच कान मुळात कच्चा असेल.

हे कधी बोलले नाही, आज लिहिते. उताराच्या रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानासमोर, त्या सकाळी मला काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं होतं. बारीक, कागद फाडावा तसं. साहेबाने मान वर करेपर्यंत शिकाऊने बोलायचं नाही, म्हणून थांबले. तू मान वर केलीस, म्हणालास, "आवाज नाही." तेव्हा कळलं की मला भास झाला. तीन आठवड्यांनी रस्ता खचला आणि दुकानाची भिंत शिंप्याच्या पायांवर आली, तेव्हाही मी स्वतःला हेच सांगितलं की गळती आपण ऐकून गेल्यावर सुरू झाली असणार. तुझ्या कानाला चुकवून पाणी जाणं शक्यच नव्हतं. चौकशीतही मी तेच सांगितलं, की साहेबांना ऐकू आलं नाही म्हणजे नव्हतंच. पण त्या दिवसापासून माझा माझ्या कानावर भरवसा नाही. प्रत्येक जागा तीनदा ऐकते.

तपासणीला एकोणीस दिवस राहिले. तू तीसही वर्षं पास झालास. काही युक्ती असली तर सांग ना. आदल्या दिवशी काय करायचास?

टिटवी

९ जुलै

बाळ,

युक्ती होती. सांगतो. आधी सगळं वाच, मग कागद फाड.

आपल्याला काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर दोन डब्या लावतात, आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर तपासनीस बसलेला असतो. तो बटण दाबतो तेव्हा त्याचा उजवा खांदा जरासा हलतो. काचेतून दिसतं. शेवटची पाच वर्षं मी त्याच्या खांद्याकडे बघून पास झालो. आवाज मला एकही येत नव्हता.

वस्तादांची रीत खोटी होती. त्यांचाही कान गेला होता, त्यांच्या वस्तादांचाही गेला असेल, आणि कोणी कोणाला सांगितलं नाही. प्रत्येकाने पुढच्याला अर्धी टोपी दिली. आधी माझी शिटी सुरू झाली, तुझ्यासारखीच डाव्या कानात. मग पाण्याची सुरसुर गेली. मग पाखरं, मग दारावरची घंटा, मग तुझी मामी. शेवटच्या आजारपणात ती काय बोलत होती ते मला ओठ बघून कळायचं, आणि शेवटी तिचे ओठ हलेनात. फोन मी उचलत नाही कारण तो वाजल्याचं मला कळत नाही. तुमच्याकडे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो कारण तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. दुकानातल्या बाईला लिहून द्या म्हटलं ते विसरतो म्हणून नव्हे.

आता मुख्य. पाच वर्षं बहिऱ्या माणसाने गळत्या कशा शोधल्या? तुझ्यामुळे. तू हातभर अंतरावर, माझ्या समोर कांडी लावून बसायचीस. आवाज आला की तुझी एक भुवई वर जायची आणि तू श्वास धरायचीस. ते बघून मी मान वर करायचो आणि फुली मारायचो. खातं म्हणायचं, म्हाताऱ्याचा कान अजून तिखट आहे. तो तुझा कान होता. पाच वर्षांतली एकेक फुली तुझी आहे.

त्या सकाळी तुझी दाढ सुजली होती. ताईने तुला मफलरात असं गुंडाळून पाठवलं होतं की वर कपाळ झाकलेलं, खाली नाक झाकलेलं, कांडीपुरता एक कान मोकळा. त्या दिवशी मी तुला मफलर सोडायला लावला नाही, कारण तू रडकुंडीला आली होतीस. मला फक्त डोळे दिसत होते आणि ते दुखण्याने आधीच पाणावले होते. मी खूप वेळ बघितलं. मला काही कळलं नाही. तेव्हा एवढंच विचारायचं होतं की काही ऐकू येतंय का. चार शब्द. पण साहेबाने शिकाऊला विचारलं असतं तर साहेबाचं बिंग फुटलं असतं. मी म्हणालो, "आवाज नाही," आणि कागदावर तसं लिहिलं.

तुला भास झाला नव्हता. तू बरोबर ऐकलं होतंस. शिंप्याचे पाय माझ्यामुळे गेले. चौकशीत तू माझी बाजू घेतलीस आणि मी खाली बघत बसलो. तुझ्या कानावरचा तुझा भरवसाही मीच घालवला, हे मला परवा तुझं पत्र वाचेपर्यंत माहीत नव्हतं. लाज वाटते म्हणून भागत नाही, पण वाटते.

खात्याला सगळं लिहून एक अर्ज तयार केलाय. त्यात तुझी साक्ष खोटी ठरते, म्हणून तुला विचारल्याशिवाय टाकणार नाही.

आणि आता ती युक्ती तुझ्याकडे आहे. वापर असं म्हणणार नाही. वापरू नकोस म्हणायचा मला हक्क उरलेला नाही.

मामा

१८ जुलै

बाळ,

उत्तर आलं नाही. येणार नाही असंही धरून चाललोय. पोस्टमन येतो तेव्हा मी दारातच बसलेला असतो, हाक ऐकू येत नाही म्हणून.

एकच विचारतो, त्याचं उत्तर एका ओळीत दे, हवं तर नाव न घालता. बोळे घालतेस का?

मामा

२६ जुलै

मामा,

हे कामाचं पत्र आहे, म्हणून 'तुम्ही'.

बोळे घालते. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आधी दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं, रीत मोडल्याचं पाप लागेल असंही वाटलं. तिसऱ्या दिवशी साठ किलोमीटर जाऊन उतरले, बोळे काढले, कांडी लावली, आणि पहिल्याच रस्त्यावर पहिल्याच जागी पाणी ऐकू आलं. सकाळी, चहाच्या आधी. फुली मारली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले. आनंदाने नाही, रागाने. इतकं सोपं होतं.

राग तुमचा आला, अजून आहे. तुम्ही बहिरे झालात याचा नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात आणि मला वाटायचं की साहेब माझ्यावर लक्ष ठेवून आहेत, मी चुकतेय. पाच वर्षं मी तोंड आवरायला शिकत होते. आणि त्यानंतर सहा वर्षं मी आतल्या आत मान खाली घालून जगले. माझ्याही चुकीचं लिहिते. मला ऐकू आलं होतं. तीन आठवडे होते माझ्याकडे. पुन्हा एकटीने जाऊन ऐकता आलं असतं. साहेब म्हणाले नाही, म्हणून नाही, हे मी माझ्या सोयीने मानलं.

शिंप्याकडे गेले होते. तुम्हाला माहीत नाही, मी सहा वर्षं त्याच्याकडे उशांचे अभ्रे शिवायला टाकते. घरात उशा चार, अभ्रे बावीस. आई मला वेडी म्हणते. आता मशीन त्याची बायको चालवते, तो बाजूला बसून काजं करतो. त्याला सगळं सांगितलं, तुमचं आणि माझं. त्याने हातातलं काज पुरं केलं. मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंत तर मी दुकान बंद ठेवलं असतं." एवढंच. मी निघाले तेव्हा म्हणाला, "आता अभ्रे टाकू नका."

अर्ज टाका. माझा मी कालच दिला. खात्यातल्या आताच्या साहेबांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, मिटलेलं प्रकरण आहे, परत घेऊन जा. मी नाही घेतला. पोचपावती मिळेपर्यंत उभी राहिले. चौकशी पुन्हा होईल का, शिंप्याला काही मिळेल का, माझं काय होईल, काही माहीत नाही. दोन अर्ज असले तर घडी घालून ठेवायला जड जातील.

आईला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, माझ्या भावाला कोणी हाक मारली तरी कळत नसेल आणि मी त्याला घुम्या म्हणत होते. रविवारी ती तुझ्याकडे येतेय. तिला सांगून ठेवलंय, समोर बसायचं, उजेडात, आणि पदर तोंडाला न लावता बोलायचं. मी येत नाही. मला अजून वेळ लागेल. पत्र लिहीन.

तपासणीचं राहिलं. खोलीत बसले, डब्या लावल्या. उजवा कान पटकन झाला. मग डाव्याची पाळी आली आणि शेवटच्या बारीक आवाजांना काही ऐकू येईना, फक्त शिटी. काचेपलीकडे तपासनीस बसला होता. खांदा हलला. तू लिहिलंस तसाच, अगदी जरासा. माझं बोट आपोआप अर्धं वर आलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहायला पेन उचललं. तेवढ्यात मी बोट खाली घेतलं, मान हलवून नाही म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. डाव्या कानाचे वरचे बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, बाकीचे बोळ्यांनी टिकतील असं तपासनीस म्हणाला. मला आता एकटीने रस्ता ऐकायची परवानगी नाही, पुढच्या महिन्यापासून जोडीला दुसरी बाई देणार आहेत आणि कागदावर दोघींची सही लागेल. पण ते नंतर कळलं. तिथे बसले होते तेव्हा काहीच माहीत नव्हतं. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, ते संपलं असं कोणीतरी खांद्याला हात लावून सांगेपर्यंत बसून राहिले, आणि बोट वर केलं नाही.

टिटवी